चार वाजताचा अंतरपाट

सांगतो, पण एक अट आहे. ऐकून झाल्यावर माझ्या उजव्या खांद्याकडे बघायचं नाही. हसायचं तर माझ्या तोंडाकडे बघून हसा, त्याला सवय आहे. आणि चहा आधी संपवून घ्या, मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून आला होता.

तर मी भगवान. सुरतेत गोडादऱ्यात राहतो, लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्टर आहे. मास्टर म्हणजे शाळेतला नाही, बंद पडलेला लूम चालू करून देतो तो. पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे माझा एक पक्का समज होऊन बसला होता की जगात जे काही अडतं, ते थोडं डोकं आणि एक पाना यांच्या जोरावर सुटतं. पान्याचं ठीक होतं. घात डोक्याने केला.

गोष्ट माझ्या भाचीच्या लग्नाची. मनीषा तिचं नाव, माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची मुलगी. मेहुणे गेले तेव्हा मनीषा सहा वर्षांची होती आणि धाकटी कविता कडेवर. मी तिघींना अमळनेरकडून सुरतला घेऊन आलो आणि माझ्या शेजारचीच खोली बघून दिली. मनीषाला सायकलवरून शाळेत सोडायचो मी. तिच्या वह्यांना साडीच्या खोक्याचा पुठ्ठा लावायचो मी. पोरगी बीएस्सी झाली, एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागली. तिच्या लग्नात अंतरपाट मी धरणार, हे ती सहा वर्षांची असतानाच ठरलेलं होतं. नवरा कोण, ते नंतर ठरलं.

आमच्याकडे अंतरपाटाचं एक टोक मुलीच्या मामाने धरायचं, दुसरं मुलाच्या मामाने. मंगलाष्टकं संपेपर्यंत हात डोक्याच्या वर. ऐकायला सोपं वाटतं ना? पण आमच्याकडे मंगलाष्टकं आठावर कधी थांबली आहेत? गुरुजींची संपली की एक मावशी ब्लाउजमधून चिठ्ठी काढते. तिचं झालं की एक काका घसा साफ करतात. अर्धा तास कुठेच जात नाही. आणि दोन मामांपैकी कोणाचा हात आधी खाली येतो, यावर दोन्हीकडच्या मंडळींची नजर असते. बोलत कोणी नाही. बघतात सगळे.

आणि माझा हात वर जात नव्हता.

कसं झालं ते विचारू नका. बरं, विचारताच आहात तर सांगतो. संक्रांत. सुरतची संक्रांत म्हणजे माणूस दोन दिवस गच्चीवरच राहतो. समोरच्या गच्चीवरचा एक गृहस्थ माझे पतंग ओळीने कापत होता. वय वर्षं बावन्न, पण मी इरेला पेटलो. संध्याकाळपर्यंत त्याचे तीन कापले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट घालायला गेलो तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, खांदा जाम झाला आहे, वेळ लागेल. किती? तर म्हणाले, सहा महिने, कधी वर्षही. लग्न मे महिन्यात.

आता तुम्ही म्हणाल, अक्काला सांगायचं सरळ. सांगितलं असतं हो. पण आमचा एक चुलतभाऊ आहे, सुरेश. नवागामला राहतो, रोज व्यायामशाळेत जातो, आणि लग्नात अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून येतो. माझा खांदा गेला हे कळलं की अक्का अंतरपाट सुरेशच्या हातात देणार, आणि मनीषाच्या लग्नात मी पंगतीत मठ्ठा वाढणार. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं. डाव्या हाताने धरायची सोय नाही, शुभकार्यात डावा हात पुढे केला तर अक्काने तो हातच काढून ठेवला असता.

म्हणून मी गप्प राहिलो. जेवताना वाटी पुढे ओढून घ्यायचो, भांग डाव्या हाताने पाडायचो. बायको म्हणाली, भांग बदलला का, तर म्हटलं, फॅशन आहे.

अशात एक दिवस मनीषा शाळेच्या कार्यक्रमातून एक फुगा घेऊन आली. हेलियमचा. दोरा सोडला की छताला जाऊन टेकायचा. मी खाटेवर पडून त्याच्याकडे बघत होतो. फुग्याचा दोरा लोंबत होता, आणि दोऱ्याला कविताने एक रिबीन बांधली होती. रिबीन हवेत उभी होती. कोणी न धरता.

मी उठून बसलो.

"मनीषा, हा वर का जातो गं?"

"मामा, तो जात नाही. हवा त्याला ढकलते," ती म्हणाली. तिच्या आवाजात लगेच शाळा आली. "तुम्ही सुताचं रिकामं प्लॅस्टिकचं बॉबिन बादलीत तळाशी दाबलं आणि सोडलं तर काय होतं?"

"उसळून वर येतं."

"कारण तेवढ्या जागेतलं पाणी बॉबिनपेक्षा जड आहे. हवेचंही तसंच. आपण हवेच्या बादलीत तळाशी बसलोय. एक लिटर हवेचं वजन साधारण सव्वा ग्रॅम. एक लिटर हेलियमचं पाव ग्रॅमसुद्धा नाही. मधला जो फरक, तेवढं वजन तो उचलू शकतो. लिटरला एक ग्रॅम धरा."

"म्हणजे या फुग्याला?"

"रबराचं वजन वजा करून दहाएक ग्रॅम."

दहा ग्रॅम! माझ्या डोक्यात लूम सुरू झाला. जन्म गेला कापडाचे ग्रॅम मोजण्यात, आणि आज पोरगी मला सांगते की ग्रॅम वरच्या दिशेलाही मोजता येतात.

मी विचारलं, पेट घेतो का? कारण लग्नात होम असतो. ती म्हणाली, "नाही. हायड्रोजन पेटतो. हेलियम कशाशीच जोडला जात नाही. एकटा राहतो, कोणाच्या भानगडीत पडत नाही." हे मला फार आवडलं. असे पाहुणे असतील तर लग्नं किती शांततेत होतील.

"फक्त टिकत नाही तो," ती म्हणाली. "इतका बारीक असतो की रबराच्या बारीक भोकांतून निसटत राहतो. सकाळचा फुगा संध्याकाळी मरगळतो."

पुढचे चार दिवस मी तिला हेलियमवर इतके प्रश्न विचारले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्काला म्हणाली, मी सासरी जाणार म्हणून मामा माझ्या विषयात मन रमवतोय. अक्काही रडली. दोघींना रडताना बघून मला फार अपराधी वाटलं, पण मी तेवढ्यात विचारून घेतलं की उन्हाळ्यात फुगे लवकर मरगळतात का.

पहिली योजना मी सांगणार नव्हतो. पण आता लाज कसली? पहिली योजना अशी की फुगे थेट हातालाच बांधायचे. त्यासाठी हाताचं वजन हवं. खात्यात सुताचे कोन मोजायचा काटा आहे. जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर उजवा हात सैल सोडून ठेवला. साडेतीन किलो. मागे शेठ उभे होते. म्हणाले, "मास्टर, केम? हात वेचवानो छे?" हात विकायचाय का म्हणे. मी म्हटलं, तब्येत बघतोय.

साडेतीन किलो म्हणजे साडेतीनशे फुगे. एवढे फुगे एका मामाला बांधले तर मामा दिसणारच नाही. योजना रद्द.

दुसरी योजना मात्र, मी अजूनही म्हणेन, उत्तम होती. हात उचलायचाच कशाला? कापडच उचलायचं. माझ्या स्वतःच्या लूमवर निघालेलं जॉर्जेट मी अंतरपाटासाठी घेतलं, इतकं हलकं की दोन मीटरचं वजन एकशेवीस ग्रॅम. अर्धं वजन मुलाच्या मामाकडे, माझ्या वाट्याला साठ. म्हणजे ताजे सहा फुगे. फुगे वर मांडवाच्या सजावटीत मिसळून जातील. खाली पारदर्शक मोनो धागा, तो बाजारात मिळतोच. तो कापडाच्या माझ्या टोकाला बांधायचा आणि धाग्याचं शेपूट खाली माझ्या डाव्या मुठीत, कमरेशी, पतंगासारखं. उजव्या हाताची बोटं कापडाच्या कडेला छातीजवळ नुसती टेकवायची. लोकांना वाटेल मामाने धरलंय. मामा आरामात.

सुट्टीच्या दिवशी मी खोलीत प्रयोग केला. सकाळी सात वाजता फुगे भरून आणले, कापडाचं टोक लटकवलं. मस्त उभं राहिलं. दुपारी चार वाजता बघतो तर जमिनीवर. मग मी सहाचे बारा केले. बारा फुग्यांनी चारलाही कापड पेललं.

आता तुम्ही विचाराल, चार वाजताच का? मुहूर्त तर सकाळी दहा सत्तेचाळीसचा होता.

इथेच सगळा घोळ आहे. तुम्ही आमच्या खानदेशी लग्नाला कधी आलात का? पत्रिकेत दहा सत्तेचाळीस छापलेलं असतं, ते गुरुजींच्या समाधानासाठी. दहा सत्तेचाळीसला नवरदेव अंघोळ करतो. बाराला घोड्यावर बसतो. मग डीजे, मग नवरदेवाचे मित्र, मग मित्रांचे मित्र, मग ज्याला कोणी ओळखत नाही असा एक माणूस जमिनीवर लोळून नाचतो, त्याला उठवायला अर्धा तास. माझ्या आयुष्यात मी चारच्या आधी अक्षता टाकलेल्या नाहीत. म्हणून मी हेलियम चार वाजताच्या हिशेबाने भरला. बारा फुगे, आणि उशीर आणखी झाला तर असावेत म्हणून वर आठ. एकूण वीस.

एक गोष्ट मी लक्षात घ्यायला हवी होती. मुलाचे वडील मिलमध्ये टाइमकीपर होते. पस्तीस वर्षं गेटवर उभं राहून लोकांना उशिराबद्दल परत पाठवलेला माणूस. साखरपुड्याला ते नऊ वाजता सांगून पावणेनऊला आले होते, तेव्हा मी टॉवेलवर दार उघडलं होतं. पण मी म्हटलं, असेल एखाद्या दिवशी.

लग्नाच्या सकाळी सात वाजता समाजाच्या वाडीत, म्हणजे आमच्या लग्नाच्या हॉलवर, डेकोरेशनवाले जिग्नेशभाई टाकी घेऊन आले. हे एकटेच माझ्या कटात सामील. वीस फुगे भरले, धागे एका गाठीत बांधले, गठ्ठा मांडवाच्या वर सोडला. वाडीचं छत पत्र्याचं, चांगलं उंच. मांडवाला वरून झाकण नव्हतं आणि होमासाठी वरचा पंखा बंद. सगळं जुळून आलं. जिग्नेशभाई म्हणाले, "मास्टर, बहुत खिंच रहा है." मी म्हटलं, "चार बजे तक ठंडा हो जाएगा." ते दुसऱ्या ऑर्डरवर निघून गेले आणि मी केळं खात बसलो.

दहा वाजून पाच मिनिटांनी वाडीच्या दारात बँड वाजला.

मी म्हटलं, दुसऱ्या कोणाची वरात असेल. बाहेर जाऊन बघतो तर आमचाच नवरदेव, घोड्यावरून उतरलेला, घाम नाही, धूळ नाही. मागे सगळी मंडळी रांगेत. टाइमकीपरसाहेब घड्याळ बघून म्हणाले, "दहा सातची वेळ धरली होती, दोन मिनिटं लवकरच आलो. चालेल ना?"

माझ्या हातातलं केळं खाली पडलं.

फुगे कमी करायला हवे होते. पण जिग्नेशभाई गेलेले, गाठ एकच, आणि ती एकट्या डाव्या हाताने सुटण्यासारखी नाही. मी धागा ओढून गठ्ठा खाली घेतला आणि अक्काच्या पदराची सेफ्टी पिन मागून एक फोडला. इतका मोठा आवाज झाला की पुण्याहवाचन करणारे गुरुजी मंत्र विसरले आणि एक म्हातारे काका "लागलं का लग्न?" म्हणून जागे झाले. अक्का ओरडली, "काय करी ऱ्हायना रे?" मी म्हटलं, काही नाही, फुगा खराब होता. दुसरा फोडायची हिंमत झाली नाही. एकोणीस उरले.

दहा चाळीसला आम्ही उभे राहिलो. इकडे मनीषा, हिरव्या शालूत, मान खाली. तिकडे नवरदेव. मध्ये अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. समोर मुलाचे मामा, आत्माराम पैलवान. धुळ्याकडचे, उंची सहा फूट, मिशा वेगळ्या. एकेकाळी कुस्त्या मारलेला माणूस. त्यांनी कापडाचं टोक दोन बोटांत धरलं आणि माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला कळलं. हे साधं हसणं नव्हतं.

मंगलाष्टक सुरू झालं. पहिली दोन कडवी स्वर्गासारखी गेली. कापड ताठ, माझा चेहरा शांत. मागून एक बाई म्हणाली, मुलीच्या मामाचा हात बघा, हलतसुद्धा नाही. सुरेश अर्ध्या बाह्यांत उभा होता, त्याचं तोंड उतरलं. मी मनातल्या मनात त्याला मठ्ठा वाढला.

आणि मग डाव्या मुठीतला धागा सरकला.

मोनो धागा गुळगुळीत असतो. माझ्या हाताला हळदीचं तेल. सहा फुग्यांच्या जागी एकोणीस फुगे, सगळे ताजे, तीन तासांचे तरुण. धागा चार बोटं सरकला आणि अंतरपाटाचं माझं टोक चार बोटं वर गेलं.

आत्माराम मामांनी बघितलं. त्यांना वाटलं, मुलीकडच्याने कुरघोडी केली. त्यांनी आपलं टोक सहा बोटं वर नेलं.

धागा पुन्हा सरकला. माझं टोक एक वीत वर.

"असं का," ते मिशीतल्या मिशीत म्हणाले आणि टाचा उचलल्या.

मी डोळ्यांनी खुणावलं, हळू म्हटलं, "मामा, राहू द्या, खाली घ्या." ते म्हणाले, "आधी तुम्ही घ्या." मी कसा घेणार? मुठीत पकडायला धागा उरला होता अर्धा फूट आणि तो तेलात पोहत होता. मी तरी शहाण्यासारखं म्हणालो, "मामा, काहीही झालं तरी तुमचं टोक सोडू नका." त्यांनी याचाही आव्हान म्हणून अर्थ घेतला. "मी? मी सोडेन?" म्हणाले, आणि जवळच्या मुलाला फर्मावलं, "खुर्ची आण."

तुम्हाला चित्र दिसतंय का? सहा फुटांचा पैलवान प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा. अंतरपाट छताच्या दिशेने निघालेला. आणि त्याच्या खाली, मुहूर्ताला तीन मिनिटं असताना, नवरा-नवरी एकमेकांना डोक्यापासून पायापर्यंत दिसतायत. अंतरपाट ज्या एका कामासाठी असतो, ते सोडून बाकी सगळं करत होता.

गुरुजी म्हणाले, "अहो, नजरानजर होतेय. मामा, खाली." दोन्ही मामांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मी डावं बोट दाखवलं, ते उचलल्यामुळे धागा आणखी सरकला. शेवटी गुरुजींनी नवरा-नवरीला फर्मावलं, "तुम्ही दोघांनी डोळे मिटा, यांचं काही खरं नाही."

नवरदेवाने मिटले. मनीषाने मिटले नाहीत. तिने वर बघितलं. आधी कापड, मग कापडाचं टोक, मग त्याच्यावरचे एकोणीस फुगे. मग माझ्या डाव्या मुठीकडे. मग माझ्या उजव्या खांद्याकडे. विज्ञानाची शिक्षिका ती, एका क्षणात माझे ते चार दिवसांचे प्रश्न जुळले. ती हसायला लागली. मुंडावळ्या थरथरायला लागल्या. नवरदेवाने एक डोळा उघडून घाबरत विचारलं, "माझं काही चुकलं का?"

टाइमकीपरसाहेब घड्याळ बघत ओरडले, "दहा सत्तेचाळीस!"

गुरुजी म्हणाले, "सावधान!" बँड सुरू झाला. आणि आत्माराम मामांनी, जिंकल्याच्या आनंदात, अक्षता उधळायला दोन्ही हात मोकळे केले.

एकशेवीस ग्रॅमचं कापड, एकोणीस फुगे, आणि धरणारा कोणीच नाही. हवेच्या बादलीतून बॉबिन सुटलं. अंतरपाट झेप घेऊन निघाला. शेपूट माझ्या मुठीतून सुटलं आणि मी काहीही विचार न करता, चार महिन्यांत पहिल्यांदा, उजवा हात वर फेकला.

खांद्यात काड्यापेटी मोडल्यासारखा आवाज झाला. हात वर गेला. पूर्ण वर, सरळ, पंजा उघडा. कापड हाताला लागलं नाही, ते पत्र्याला जाऊन चिकटलं. आणि हात खाली येईना.

मला इतकं दुखलं की आवाजसुद्धा निघाला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लोकांनी बघितलं, मुलीचा मामा हात उंचावून उभा आहे, डोळ्यांत पाणी, ओठ थरथरतायत. कोणाला काय वाटणार? एक बाई म्हणाली, "कसा भरभरून आशीर्वाद देतोय बघा." आणि माझ्या पाया पडली. तिच्या मागे तिची सून. मग नवरदेवाचे मित्र. मग रांगच लागली. वीस मिनिटं मी हात वर करून उभा, आणि अर्धी वाडी माझ्या पायाशी येऊन गेली. सुरेशसुद्धा पडला. त्या वेळी दुखणं जरा कमी झाल्यासारखं वाटलं.

फोटोग्राफरने एकही फोटो सोडला नाही. मनीषाच्या अल्बममध्ये मी सत्तावीस फोटोंत आहे, सगळ्यांत हात वर.

अक्का मात्र फसली नाही. जवळ येऊन म्हणाली, "भगवान, हात खाले कर."

"व्हत नही, अक्का."

तिने वरच्या फुग्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कव्हयपाईन?"

"संक्रांतपाईन."

"माले का नही सांगं?"

"तू सुरेशले धरायला देती."

 अक्काने पदराने माझे डोळे पुसले, कारण माझा एक हात वर अडकला होता आणि दुसरा तेलकट होता. मग म्हणाली, "येडा शे तू. तू नुसता उभा ऱ्हायता, तरी तूच मामा व्हता." आता मात्र मी खरंच रडलो. खांद्यासाठी नाही.

एवढ्यात आत्माराम मामा आले. त्यांना आधी वाटलं, मी अजून स्पर्धाच करतोय. मग अक्काने सगळं सांगितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे मी खुर्चीवर चढलो, ते फुग्यांशी भांडायला?" म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी बाह्या सारल्या, मला खाली बसवलं, आखाड्यात सांधे बसवणाऱ्या माणसाच्या सराईतपणे माझा हात धरला, कोपरातून दुमडला, फिरवला आणि हळूच मांडीवर आणून ठेवला. नंतर पुन्हा वर नेला. पुन्हा खाली. हात जात-येत होता. डॉक्टरांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

दुपारी वऱ्हाड जेवलं, चार वाजता पाठवणी. मनीषा माझ्या गळ्यात पडायला समोर आली. सायकलवर पुढच्या दांडीवर बसणारी पोर, आता शालूत. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, मामाने बोलावं असं. मी तोंड उघडलं, आणि वरून काहीतरी पांढरं, हळूहळू, डोलत खाली आलं आणि बरोबर आम्हा दोघांच्या मधे उभं राहिलं.

अंतरपाट. एकोणीस मरगळलेले फुगे घेऊन. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं.

पलीकडून मनीषाचा आवाज आला, रडता रडता हसणारा. "मामा, तुमचा हिशोब बरोबर होता हो. लग्नच लवकर लागलं."

मी उजव्या हाताने, डोक्याच्या वर, अंतरपाटाचं टोक धरलं आणि बाजूला केलं. ते तेवढं मी माझ्या हाताने केलं, लिहून ठेवा.

या वर्षी कविताचं लग्न झालं. खांदा आता ठणठणीत. अक्काने अंतरपाट माझ्या हातात दिला, माझा ऊर भरून आला. पण टोक हातात घेतलं तर जड लागलं. बघतो तर माझ्या बाजूच्या कोपऱ्याला आतून खिसा शिवलेला, आणि त्यात लूमचे दोन लोखंडी पाने.

मी म्हटलं, "अक्का, खांदा बरा शे आते. हाई वजन कसाले?"

अक्का म्हणाली, "हाई वजन खांदाकरता नही, भगवान. तुना डोकाकरता शे."